थडथडणाऱ्या मशीनवरची कादंबरी

चष्मेवाल्यांच्या कादंबरीचा नायक अकरा वर्षं जिन्यावर एक पाय उचलून उभा होता. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन त्या पायाचं काय करावं याचा विचार करायचा, हा त्यांचा उद्योग. "टेकवू द्या हो बिचाऱ्याला, मुंग्या आल्या असतील," असं बायको म्हणाली की ते रुसून बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. दोन्ही पायांवर, एवढाच काय तो फरक.

मग एका साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. महिनाअखेर अख्खी कादंबरी हातात पडली तर क्रमशः छापू, नाहीतर जागा दुसऱ्याला! चष्मेवाल्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी ताबडतोब लिहायला घेतलं... वेळापत्रक. चार रंगांत, पट्टीने रेघा मारून. पहाटे पाच ते सहा लेखन, पुढे पंधरा मिनिटं चिंतन. त्यातच आठवडा गेला. लेखनाच्या तासाला ते घोरायचे. चिंतन मात्र अगदी वेळेवर व्हायचं.

तेवढ्यात कपडे धुण्याचं मशीन बिघडलं. पिळायला लागलं की थडथडत चालायलाच लागायचं. एकदा तर मोरीतून निघून थेट दारापर्यंत आलं. मेकॅनिक काही लवकर येईना. बायकोने फर्मान काढलं, "तोवर रोज सकाळी तुम्ही त्याच्यावर बसायचं. बंद होईपर्यंत उठायचं नाही!"

पहिल्या दिवशी कंटाळा घालवायला ते वही घेऊन बसले. पन्नास मिनिटांत नायक जिना चढला, गच्चीवर पोचला आणि प्रेमातसुद्धा पडला! दुसऱ्या दिवशी एक प्रकरण झालं, तिसऱ्या दिवशी दीड. मग घरातले मळके कपडेच संपले. चष्मेवाले धुतलेले कपडे पुन्हा टाकू लागले, तेही पुरेनात तेव्हा शेजाऱ्यांची दारं वाजवू लागले. "काही मळकं आहे का हो?" कुणी पडदे दिले, कुणी अभ्रे. एकाने कुत्र्याची गोधडी दिली. विरहाचं अख्खं प्रकरण तिच्यावर उतरलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शेवटचं प्रकरण अर्ध्यावर असताना, मेकॅनिक पान्हा घेऊन दारात हजर. चष्मेवाल्यांनी मशीनला दोन्ही हातांनी मिठीच मारली.

"परवा या," बायको म्हणाली.

"अहो ताई, तीन आठवडे तुम्हीच माझ्यामागे लागला होतात ना?"

"होते. पण नायिका गच्चीवर अडकलीये, दाराला पलीकडून कुलूप. ती सुटल्याशिवाय मशीनला हात लावाल तर बघा!"

चष्मेवाले चाटच पडले. "अगं, तू वाचतेस?"

"मग? तुमचे ते स्वच्छ कपडे रोज वाळत घालते, जरा करमणूक नको? लिहा तुम्ही. थांबा, अजून दोन टॉवेल टाकते!"

आठवड्याभराने संपादकांचा फोन आला. "छापतोय. फक्त एक शंका आहे. चौथ्या प्रकरणापासून सारखा भूकंप का होतो?"

"कथेची गरज आहे," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले.

"उत्तम. मग पुढची कादंबरी कधी?"

मोरीत दुरुस्त झालेलं मशीन शहाण्या बाळासारखं गुपचूप फिरत होतं. चष्मेवाल्यांनी फोनवर हात ठेवला.

"अगं, त्या मेकॅनिकला बोलाव. म्हणावं, जे काय बसवलंस ना, ते काढून घेऊन जा!"