वरच्या खोलीतला खेळ

रुपाली मूळची वळसंगची. लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा तिला टीव्हीचा रिमोटसुद्धा नीट येत नव्हता. नवरा अजिनाथ टॉवेलच्या कारखान्यात होता. पुण्याला निघालेल्या एका शेजाऱ्याकडून त्याने जुने दोन कन्सोल घेतले आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन टीव्हींना जोडून तासावर पैसे घेणारं गेमचं दुकान थाटलं. तो दिवसभर कामावर, म्हणून दुकान आपोआप रुपालीचं झालं.

ती लवकरच तरबेज झाली. अडकलेली डिस्क मऊ फडक्याने पुसून परत चालू करायची. गाड्यांच्या शर्यतीत तर गल्लीतलं एकही पोर तिला हरवू शकत नव्हतं. भाजी आणायला निघाली तरी मागून हाका यायच्या, "रुपालीताई, लवकर या!" ते तिला फार आवडायचं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि कीर्ती घरात आली. मंगळवेढ्याची, शिकलेली, एका दवाखान्यात बिलं करायची. तिने वरच्या खोलीत मोठा टीव्ही आणि इंटरनेट घेतलं. महिन्याची वर्गणी भरली की टीव्हीवरच शेकडो गेम खेळता यायचे. कन्सोल नको, डिस्क नको.

पोरं रुपालीच्या दारावरून जिना चढू लागली. तिची मुलगी सोनालीही त्यांच्यात होती.

"आई, वर रोज नवा गेम असतोय. आपल्यात तेच ते."

रुपाली भाकरी थापायला वळली. वरून हसण्याचा आवाज आला की तिची भाकरी करपायची. कीर्ती पोरांना चिवडा देते, पोरं तिला 'काकू, काकू' करतात, हे सगळं तिला इतकं झोंबायचं, की जेवताना ती जावेकडे बघेनाशी झाली.

एका दुपारी कीर्ती कामावर असताना रुपाली वर गेली. इंटरनेटच्या डब्याचा चार्जरसारखा अडॅप्टर तिने काढला आणि खाली आणून ज्वारीच्या डब्यात खुपसला.

पोरं खाली परतली. दोन्ही टीव्ही पुन्हा चालू झाले आणि रुपाली शर्यतीत जिंकू लागली. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

पण सुट्टीच्या दिवशी वरून कीर्तीचा चढलेला आवाज आला. "सोनाली, तूच काढलास ना? खोटं बोलू नकोस." पाठोपाठ पोरीचं रडणं ऐकू आलं.

रुपालीने ज्वारीत हात घातला, अडॅप्टर काढला आणि जिना चढली.

"तिला नको बोलूस. मी काढलाय."

कीर्तीने सोनालीकडे बघितलं, मग अडॅप्टरकडे. "पण का, ताई?"

"पोरं माझी होती की. तू आलीस आन् घिऊन गेलीस."

कीर्ती पलंगावर बसली. "मी नवी आले तेव्हा सगळा दंगा तुमच्याकडं असायचा. मी वर एकटी ऐकत बसायची. एकदा तरी हाक मारलीत? म्हणून तर हे घेतलं."

"तू कामावरनं दमून येतीस, म्हणून न्हाय मारली."

"खरंच?"

रुपालीने अडॅप्टर परत इंटरनेटच्या डब्याला जोडला. तेही खरं नव्हतं. शिकलेली जाऊ आपल्या दुकानात नको, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

पोरं पुन्हा वर जाऊ लागली आणि दिवाळीआधी दुकान बंद झालं. एक कन्सोल विकला, दुसरा तिने विकू दिला नाही. पुढच्या खोलीत आता ती साड्यांना फॉल-पिको करते. कीर्ती अधूनमधून वर बोलावते. रुपाली जाते, खेळते, पण दर वेळी कुरकुरते, "हितं बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळतीय." पोरं हसतात. नेट मधेच अडकलं, पडद्यावर चक्र फिरत राहिलं, की तिला बरं वाटतं. कीर्तीला ते दिसतं. तेव्हा ती चिवड्याची वाटी मुद्दाम आधी पोरांपुढे ठेवते, मग जावेपुढे.