बांध्याचा रकाना

मोतीराम गुरुजींना समोरचा माणूस दिसत नाय, त्याचं विशेषण दिसतं. जिन्यात पाय वाजले की मान वर न करता पुटपुटणार, "आडव्या अंगाचा." आणि दारात खरंच आडव्या अंगाचा कुणीतरी धापा टाकत उभा! तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून जित्याची खोड जाते व्हय? औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि लग्न जुळवायचं केंद्र काढलं. मी रूपाली, तिथं कॉम्प्युटरवर लोकांचे बायोडाटे टाइप करते. आठ वर्षं झाली, अजून वेडी झाले नाय.

बाकीच्या केंद्रांच्या फॉर्मवर उंची असते, वजन असतं, विषय संपला. गुरुजींना वजनाचा रकाना चालत नाय. "वजन कांद्याचं करतात, रूपाली. माणसाला बांधा असतो." मग तास सुरू. बांधा म्हणजे अंगाची एकूण बांधणी. चण म्हणजे लहानमोठेपणा. ठेवण म्हणजे काय कुठं कसं बसलंय ते. अंगकाठी म्हणजे उंचीला धरून. "आणि देहयष्टी?" मी एकदा चुकून विचारलं. "यष्टी म्हणजे काठीच की गं! अंगकाठीच ती, फक्त सोवळं नेसलेली." स्वतःच्या विनोदावर पाच मिनिटं हसले. माझा चहा गार झाला.

ऐकायला गोड वाटतं, पण त्या गोडीनं ते काय करायचे ते मी बघितलंय. बाया येऊन खरं सांगायच्या, "पोरगी लुकडी हाय हो." कागदावर 'सडपातळ'. "जरा जाडच हाय, गुरुजी." कागदावर 'सुदृढ'. आता सगळ्या जिल्ह्याला ठाऊक झालंय सुदृढ म्हणजे काय ते, त्यामुळं सुदृढ लिहिलं की फोन यायचा बंद. पोरांचं मात्र कुठंच अडत नाय. पोट दारातनं आधी आलं आणि पोरगा मागनं आला, तरी 'भारदस्त'. वाऱ्यानं हलणारा असला तर 'काटक'. गड्याच्या अंगाला वाईट शब्दच नाय यांच्या डोक्यात! माझ्या लग्नाचा कागदही त्यांनीच लिहिला. चार फूट दहा इंच मी. तर म्हणे 'आटोपशीर बांधा'. अहो, आटोपशीर स्वयंपाकघर असतं, बाई असते का? नवरा अजून भांडणात तोच शब्द काढतो, "आटोपशीर हायस ना, मग बोलणंबी आटोपतं घे." त्याला काय बोलणार, कप्पाळ!

आणि या गुरुजींच्या घरात जन्माला आली तनुजा. पाच फूट नऊ इंच. दुहेरी हाड, अंगापिंडानं मजबूत. विद्यापीठाकडून गोळाफेक खेळलेली, आता एका शाळेत खेळाच्या बाई. पडेगावच्या घरी भरलेला सिलिंडर एकटी उचलून ओट्याखाली सरकवते. मला ती लई आवडते. एकतीस वर्षांची झाली आणि बारा ठिकाणांहून नकार. गुरुजींनी 'सुदृढ' लिहून बघितलं, मग 'उंचेली', मग 'भरदार'. प्रत्येक नकारानंतर शब्द बदलायचा, पोरगी तीच. लग्न नको असं तिचं बिलकुल नव्हतं. एकदा मला म्हणाली, "रूपाली, मला घर पायजे, माणूसबी पायजे. फक्त मी दारात आल्यावर ज्याचं तोंड उतरणार नाय, असा पायजे. बाराही वेळा मी तेवढंच बघितलंय." बोलता बोलता तिनं तोंड फिरवलं. मग मीही तिकडं बघितलं नाय.

तेराव्या वेळी गुरुजी माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "टाइप कर. उंची, मध्यम. बांधा, शेलाटा."

"गुरुजी, तनुजा आणि शेलाटी?"

"भाषा लवचिक असते, रूपाली."

"भाषा असंल. पोरगी हाय का?"

"एकदा माणसं उंबऱ्याच्या आत आली, की चहा होतो, बोलणं होतं, माणुसकी आडवी येते. नकार द्यायला जीभ रेटत नाही. तू टाइप कर." फोटो लावला तोही खुर्चीत बसलेला, गळ्यापर्यंत. तनुजाला यातलं काही माहीत नव्हतं. मला होतं. मी टाइप केलं आणि गप बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

आठवड्यानं देवगाव रंगारीहून एक फॉर्म आला. मुलगा सत्यम, वाळूजला कंपनीत. फॉर्म भरला होता बापानं, सांडू आबांनी, निळ्या पेनानं, दाबून दाबून. गुरुजी एकेक रकाना वाचत गेले आणि मध्येच असे हसायला लागले की मला वाटलं ठसका लागला. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. 'शेती : सहा एकर.' त्याच्या खाली, 'बांधा : तिन्ही बाजूंनी पक्का, दगडी. पूर्वेला चुलतभावासंगं कज्जा चालू. लई पावसात फुटतो, दरसाल घालावा लागतो.'

चूक माझी होती. 'शेती'च्या खाली 'बांधा' हा रकाना मीच ठेवला होता; शेतकरी माणूस, त्यानं शेताचाच बांध लिहिला. पण गुरुजींना दिवाळी सापडली! "अगं, बांधा, बांध्याचा! आणि बांध, बांधाचा! विभक्ती लावून बघायची ना माणसानं!" आल्यागेल्याला वाचून दाखवलं, घरी तनुजालाही. खालच्या भांडेवाल्याला वर बोलवून दाखवलं. फोटो काढून निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. कहर म्हणजे, त्याच आबांना त्यांनी तनुजाचा कागद पाठवला, आणि आबांनी कळवलं, रविवारी येतो.

रविवारी सकाळी पडेगावला मी मदतीला गेले. गुरुजी तनुजाला सांगत होते, "चहा ठेवताना वाकूनच राहा. आणि लगेच बस. उभी राहू नको."

"बाबा, मी काय चोरी केलीय?"

"तसं नाही गं. जरा... पहिल्या नजरेला."

आबा आले. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, डोक्यावर टोपी, हातात आमचाच कागद घडी घातलेला. मागं सत्यम, पाच फूट सहा असंल, अबोल पोरगा. तनुजा ट्रे घेऊन आली. वाकून आली बिचारी, पण दारच बुटकं वाटायला लागलं तर ती तरी काय करणार! मी सत्यमच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं वर बघितलं, मग उठला आणि तिच्या हातातनं ट्रे घ्यायला पुढं झाला. तोंड उतरलं नव्हतं. मी डोळे फाडून बघितलंय, उतरलं नव्हतं. पण तनुजाला ते दिसलंच नाय, ती ट्रेकडं मान घालून वाकलेली!

तेवढ्यात आबांनी कागद उलगडला. "गुरुजी, एक इचारू का? हे शेलाटा म्हंजी काय वो? आमच्याकडं काडीसारख्या माणसाला म्हनत्यात."

तनुजानं ट्रे खाली ठेवला आणि हात पुढं केला. "बघू, आबा." तिनं वाचलं. उंची, मध्यम. बांधा, शेलाटा. मग ती हळूहळू ताठ झाली, पूर्ण पाच फूट नऊ. बापाकडं बघितलं. नंतर माझ्याकडं. मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं.

गुरुजी घाबरले, आणि घाबरला मास्तर की दुसऱ्याची चूक काढतो. "अहो आबा, शब्दांच्या छटा असतात! तुम्ही नाही का, बांधा विचारला तर शेताचा बांध लिहून पाठवलात! पूर्वेला कज्जा चालू! हा हा हा." एकटेच हसत होते.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "व्हय, चुकलं माझं. मला वाटलं, पोरीकडचे शेताचं इचारत्यात. पर जे हाय तेच लिवलं गुरुजी. कज्जाबी लिवला, झाकला नाय. पोर द्यायची म्हंजी पुढच्याला ठावं पायजे, आमचं कुठं फुटतं ते." मग तनुजाकडं बघून थांबले. "माझा चुलतभाऊ दरसाल नांगराची एक रेघ आत घालतो, माझा बांध कोरतो. वाईट हाय. पर त्यो दुसऱ्याचा कोरतो. तुमी तर सोताच्या लेकीचाच कोरला."

तेहतीस वर्षांत गुरुजींना कुणी गप केलं नसंल. त्या दिवशी झाले. एवढा शब्दांचा धनी, एक शब्द सापडंना!

तनुजा म्हणाली, "आबा, माझं माप बारा जणांनी काढलं, मला काय वाटलं नाय. पण माझ्या बापालाच माझी लाज वाटते, हे मला आज कळलं. आज तुम्ही जा. मला काय कळवायचं ते मी कळवीन." ते उठले. सत्यम जाताना दारात थांबला, वर तिच्या तोंडाकडं बघितलं. नुसता मान हलवून गेला.

मी तनुजापाशी गेले, म्हटलं, "टाइप मीच केलं गं. चुकले." ती म्हणाली, "माहितीय. तुझं नंतर बघते." मला त्यापेक्षा थप्पड परवडली असती.

सोमवारी ती शाळेच्या मधल्या सुट्टीत औरंगपुऱ्यात आली, गळ्यात शिट्टी तशीच. "कोरा फॉर्म दे." उभ्यानंच भरला. उंची पाच फूट नऊ इंच. वजनाचा रकाना नव्हता, तर समासात स्वतः आखला आणि लिहिलं, ब्याऐंशी. कागद बापाच्या टेबलावर ठेवला, म्हणाली, "देवगाव रंगारीला पाठवा. दुसरीकडं कुठं नाय," आणि जिना उतरून गेली.

गुरुजींनी सवयीनं लाल पेन काढला आणि वाचायला लागले. एका जागी थांबले. पुन्हा वाचलं. मी मागनं डोकावले.

'बांधा : तिन्ही बाजूंनी पक्का. पूर्वेला बापासंगं कज्जा चालू.'

गेला आठवडाभर हेच वाक्य वाचून ते लोकांना हसवत होते. आता चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले, काचा कोरड्याच होत्या. मग लाल पेनाचं टोपण लावून टाकलं.

"टाइप कर, रूपाली," ते म्हणाले. "अक्षरही हलवू नकोस."