मयेकरांचं तिकीट

गुरुवारी ऑफिस सुटायच्या सुमाराला मयेकर माझ्या टेबलाशी यायचे, खिशातून नाहीतर पिशवीतून एखादी वस्तू काढून माझ्यापुढे ठेवायचे आणि विचारायचे, "ह्या बसता काय गो?" कधी चष्म्याची काच, कधी गुडघ्याचा पट्टा, एकदा तर पायाच्या भेगांचं मलम. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, मला घरी जायची घाई, आणि हे शांतपणे खुर्ची ओढून बसायचे.

बसतं म्हणजे कशात, ते सांगते. आमची कंपनी अमेरिकन, ऑफिस मस्कतच्या बौशर भागात. अमेरिकेत म्हणे आरोग्याचं एक खातं असतं, त्यातला पैसा औषधोपचारावर खर्च केला तर त्यावर कर लागत नाही. आमच्या मुख्य कार्यालयाने ते खातं नियमांसकट उचलून ओमानात आणलं. आता इथे आमच्या पगारावर करच नाही, तर वाचवायचा काय? हे मी पहिल्याच मीटिंगला विचारलं. उत्तराऐवजी खात्याचं सगळं काम माझ्याकडे आलं. कंपनी दरवर्षी खात्यात थोडे रियाल टाकणार, आणि कुठला खर्च त्यात बसतो, कुठला नाही, ते माधवीने, म्हणजे मी, सांगायचं.

माधवीला कुठे कळत होतं! नंबरचा चष्मा बसतो, गॉगल बसत नाही, पण गॉगलला नंबर असला की बसतो. उन्हापासून वाचवणारं क्रीम बसतं, कोरड्या त्वचेचं बसत नाही. कवळी बसते, दात पांढरे करणं बसत नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या नाही, पण डॉक्टरने अमुक आजारासाठी म्हणून लिहून दिल्या तर हो. मी हे वाचून दाखवायची आणि वाचता वाचता माझंच डोकं भंजाळायचं.

मयेकर मात्र अगदी मन लावून ऐकायचे. "म्हणजे डॉक्टरान लिवल्यान तर औषध, नाय तर चैन," ते म्हणाले. मी म्हटलं, तसंच काहीतरी. "तुझ्या अमेरिकेक विचार, कोकमाचा आगळ बसता काय. पित्तार त्याच्यासारख्या दुसरा औषध नाय." आगळ बसत नव्हतं. "मगे तूच घे," म्हणून बाटली माझ्याकडे ठेवून गेले. अशा नापास झालेल्या बऱ्याच वस्तू माझ्या घरी आहेत.

मयेकर मालवणजवळच्या एका गावचे. आमच्याकडे मेंटेनन्सचे फोरमन, अल् घुब्राला दोन खोल्यांत एकटे राहायचे. बायको गावी, दोन मुली शिकायला पुण्यात. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. साइटवर सगळ्यांवर "यल्ला यल्ला" करून ओरडणारा हा माणूस माझ्यासमोर मात्र शाळेत चौकशीला आलेल्या पालकासारखा बसायचा.

आमच्यातलं कुणीही गावी निघालं की बॅग भरायला मयेकरांकडे जायचं, अशी रीतच पडली होती. खजूर, बदाम, दुधाच्या पावडरीचे डबे, कुणाकुणाच्या चिठ्ठ्याचपाट्या, सगळं त्यांच्या सतरंजीवर ओतायचं. ते एकेक वस्तू लावत जायचे आणि शेवटी बॅग एका हाताने उचलून वजन सांगायचे. "काटो कित्याक होयो? हात आसत मां." मला एकदा म्हणाले, "दोन किलो जास्त. चपला काढ." मी काढल्या नाहीत आणि विमानतळावर सगळ्यांसमोर बॅग उघडून काढाव्या लागल्या.

स्वतःची बॅग भरताना मात्र मी त्यांना पाहिलं नाही. कंपनी दरवर्षी गावचं तिकीट देते. तिकीट नको असेल तर त्याचे पैसे मिळतात. अर्धं ऑफिस पैसेच घेतं, मीही घ्यायची. मयेकरांनी मुलींच्या शिक्षणासाठी म्हणून ते सुरू केलं आणि मग त्यांच्या अंगवळणीच पडलं. शिक्षणं संपली तरी चालूच. विचारलं की म्हणायचे, "पुढल्या वर्षाक बघूया." गावी बांधलेलं नवं घर त्यांनी फोनवरच पाहिलेलं. माझ्यापुढे फोन धरून एकेक खोली दाखवायचे. "ह्या देवघर. हयसर माजी खुर्ची." खुर्चीवर प्लास्टिक तसंच होतं.

एका गुरुवारी ते रिकाम्या हातांनी आले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "गावच्या तिकिटाचा काय? बसता काय गो?"

मला हसूच आलं. "काका, गाव म्हणजे काय औषध आहे का?"

"डॉक्टरान लिवल्यान तर?"

"लिहिणार कोण? तुम्हाला झालंय काय?"

"माका खंय काय झाला हा," ते म्हणाले आणि उठले. पण पुढच्या आठवड्यात खरंच जवळच्या क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन हजर. झोप येत नाही, जेवण जात नाही, विश्रांती घ्यावी, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी नियम चाळले. उपचारासाठी केलेला प्रवास बसतो, नुसत्या विश्रांतीसाठी केलेला बसत नाही, मग डॉक्टरने सांगितलं असलं तरी. "विश्रांती म्हणजे उपचार नाय?" त्यांनी विचारलं. गोळीने झोप आली तर उपचार, स्वतःच्या घरी आली तर सुट्टी, असंच नियमांत होतं, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, कंपनीचं तिकीट आहे ना? त्यावर जा की." त्यांनी मान हलवली. त्या वर्षीही पैसेच घेतले. धाकटीचं लग्न ठरत होतं.

लग्नाची तारीख ठरायच्या आत मयेकर साइटवर चक्कर येऊन पडले. तपासण्या झाल्या. त्याच डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, "यकृताचा कर्करोग आहे आणि खूप पुढे गेलाय. इथे एकटे राहून त्यांना उपचार झेपणार नाहीत. गोव्याच्या इस्पितळात न्या, तिथून घर जवळ आहे."

मी मुख्य कार्यालयाला लिहिलं. उत्तर आलं की तोच उपचार मस्कतमध्ये मिळत असेल तर प्रवास खाजगी समजला जाईल. मी चिडून परत लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, की उपचारात रोज सोबत लागेल आणि ती सोबत तिकडेच आहे. शेवटी मंजुरी आली. त्यांचं तिकीट बसलं, आणि रुग्णाला एकट्याने प्रवास झेपत नसल्यामुळे न्यायला येणाऱ्या थोरलीचंही बसलं.

मी ते सांगायला धावत इस्पितळात गेले. कशाला धावले, कुणास ठाऊक. मयेकर पिवळे पडले होते, खिडकीकडे तोंड करून झोपलेले.

"काका, तिकीट बसलं."

त्यांनी वळून पाहिलं. "बसला?"

"बसलं."

"मगे आधी कित्याक नाय बसला?"

"आधी तुम्ही बरे होतात ना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखे. "आधी मी बरो होतंय, ह्या तुका कोणी सांगल्यान?"

मी त्यांचं पांघरूण उगाचच नीट केलं.

बॅग थोरलीने आणि मी भरली. त्यांच्या वस्तू इतक्या कमी निघाल्या की अर्धी बॅग रिकामीच. विमानतळावर व्हीलचेअरवर बसून त्यांनी बॅगेच्या कडीला हात घातला, उचलता आली नाही, तरी म्हणाले, "हलकी आसा." मग आत गेले.

गावी ते पावसाळाभर होते. धाकटीचं लग्न अंगणातच उरकलं. मयेकर गेल्यावर काकूंनी मला फोन केला. खुर्चीवरचं प्लास्टिक काकांनी पहिल्याच दिवशी स्वतः फाडलं म्हणे. पेजेबरोबर बांगडा मागायचे. रात्री झोप लागायची. "दुखणां वाढत होता," काकू म्हणाल्या, "पण माणूस बरो होतो गो." आम्ही दोघी फोनवर रडलो.

खात्याचं काम अजून माझ्याकडेच आहे. काय बसतं आणि काय नाही, हे मला आजही धड कळत नाही.

या वर्षी मी पैसे घेतले नाहीत, तिकीट घेतलं. आई चिपळूणला एकटी असते. काल बॅग भरली. वजनकाटा घरात नाही, कधी लागलाच नव्हता. दोन्ही हातांनी उचलून पाहिली, पण मला काही अंदाज येईना. मग बॅगेतल्या चपला काढून ठेवल्या.