दुपारचा मदरबोर्ड

भाई कोणत्याही वस्तूला उलटा हात लावून बघायचे. लेकराला ताप आहे का बघतात, तसा. चहाची किटली, स्कूटरची सीट, ऑफिसातला प्रिंटर, सगळ्यांना तोच हात. मग म्हणायचे, "आता नको, दुपारी बघू." तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याला सोबत नेल्याशिवाय कुणी साधा माऊससुद्धा विकत घेत नाही. आमच्याकडे ते भाई होते.

चितेगावजवळच्या एका लहान कंपनीत आम्ही प्लास्टिकच्या साच्यांची डिझाइन करायचो. भाई सीनियर, मी नवा. पैठणच्या पलीकडच्या गावातून शिकून आलेला, घरातला पहिला पदवीधर. इंग्रजी ईमेल लिहिताना मला घाम फुटायचा. भाई तो वाचायचे आणि म्हणायचे, "चांगलं लिवलंय. तीनदा सॉरी म्हणलास, दोन काढ."

गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं डिझाइन विभाग पुण्याला हलवायचं ठरवलं. ज्याला इथंच राहून घरून काम करायचंय, त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर साच्याच्या आकडेमोडीची एक मोठी चाचणी न अडकता, एका दिवसात पूर्ण करून दाखवायची, अशी अट होती.

माझ्या आईची नजर अधू झाली आहे. आमच्या गल्लीत ती एकटी किराणा आणते, देवळात जाऊन येते, कारण गावाहून माझ्याकडं आल्यापासून इथली पायरी न् पायरी तिनं पाठ केली आहे. पुण्यात ती एका खोलीत बसून राहिली असती.

भारी कॉम्प्युटर मला परवडणारा नव्हता. भाईंनी मार्ग सुचवला. साधा प्रोसेसर घ्यायचा आणि त्याला ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. "पण मग भार मदरबोर्डावर येतो," ते म्हणाले. "स्वस्त घे, उघड्या अंगाचा घेऊ नको."

क्रांती चौकाजवळच्या दुकानात आम्ही भर दुपारी गेलो. मला एक बोर्ड फार आवडला. त्याच्या कडेनं रंगीत दिवे होते. भाईंनी त्याला हातही लावला नाही. "लायटिंग तुझ्या लग्नात करू." मग त्यांनी मागचा एक काळपट बोर्ड मागितला. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर त्याला उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या होत्या. दिव्यांच्या बोर्डाला तिथं काहीच नव्हतं.

"जोडून चालू करा," भाई दुकानदाराला म्हणाले, "आणि एसी बंद करा."

"भाई, गिऱ्हाईक पळंल ना."

"गिऱ्हाईक आम्ही दोघंच हाय. आम्ही नाय पळत."

एसी बंद झाला. आम्ही तिघं घाम पुसत बसलो. भाई मधूनमधून त्या पट्ट्यांना उलटा हात लावत होते. शेवटी त्यांनी तोच हात दुकानदाराच्या कपाळाला लावला. "तुमच्यापेक्षा ह्याची तब्येत बरी." तोच बोर्ड आम्ही घेतला.

चाचणीच्या दिवशी भाई रजा टाकून सकाळीच माझ्या पत्र्याच्या खोलीवर आले. मी हौसेनं वेग शेवटच्या पायरीपर्यंत चढवला होता. ऊन चढलं तसे कॉम्प्युटरचे पंखे घोंगावायला लागले. आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. आत गेलो, तर आईनं पाण्याचा कूलर ओढून उघड्या कॅबिनेटकडं तोंड करून लावलेला. बारीक तुषार सरळ आत उडत होते.

भाईंनी धावत जाऊन कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. तोवर झालेलं सगळं काम गेलं.

"त्याला धाप लागली होती रे," आई म्हणाली. "मला ऐकवंना." तिचा चेहरा एवढासा झाला.

भाईंनी बोर्ड काढला, रुमालानं टिपला, टेबल फॅनसमोर ठेवला आणि आईशेजारी जमिनीवर बसले. "मावशी, कान लई पक्का तुमचा. खरंच धाप लागली होती. आम्ही चहा पीत बसलो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वेग उतरव."

"संध्याकाळपर्यंत संपेल का मग?"

"धापा टाकणारा तर पोचतच नाय, बाबू."

बोर्ड वाळला, पुन्हा जोडला, चालू झाला. मी वेग एकेक पायरी उतरवत होतो आणि भाई प्रत्येक वेळी आईला विचारत होते, "आता कसं वाटतंय, मावशी?" ती मान हलवायची. "अजून दमतोय." पुन्हा एक पायरी. शेवटी ती म्हणाली, "आता चालतोय नीट." मी तिथंच थांबलो आणि चाचणी पहिल्यापासून सुरू केली.

दिवे लागायच्या वेळेला ती पूर्ण झाली. पदवीच्या निकालालाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"झालं का?" आईनं विचारलं.

"झालं. आपण इथंच."

"मग दूधवाल्याला दूध चालू ठेव म्हणून सांगून येते," म्हणाली आणि चपला शोधत गल्लीत निघाली. भाई ओट्यावरून ती वळेपर्यंत बघत राहिले.

भाई स्वतः मात्र पुण्याला गेले. त्यांच्या लेकीला तिथल्या कॉलेजात जागा मिळाली होती, त्यामुळं ते खुशीत होते. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला त्यांचा जुना मॉनिटर होता, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. निरोपाला हलवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी हनुवटी वर केली, मला घराकडं जा म्हणून खुणावलं, आणि टेम्पो पुण्याच्या वाटेला लागला.