वाटेत न थांबणारी गाडी

घरून निघून थेट मुक्कामी पोचण्याचा गुन्हा ज्याच्या हातून आयुष्यात एकदाही घडला नाही, असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांचं घर नंदनवन कॉलनीत, पण परवापरवापर्यंत ते राहत स्कूटरवर. सकाळी मामी त्यांना पोह्यांसाठी सांबार आणायला धाडत. (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, इडलीशी त्याचा काही संबंध नाही.) जायचं कोपऱ्यापर्यंत, पण मामा स्कूटर काढत आणि दिसेल त्या ओळखीच्या माणसाजवळ ब्रेक मारत. इंजिन बंद करायचं नाही, सीटवरून उतरायचं नाही, एक पाय जमिनीला टेकवून "काय गा, पोराचं जमलं काय?" विचारायचं, अशी पद्धत. पोराचं न जमल्याची सगळी हकीकत त्या एका पायावर ऐकून ते परतत, तेव्हा सांबारानं मान टाकलेली असे आणि मामी दुपारच्या वरणाला फोडणी देत असत.

शहरात मेट्रो आली तेव्हा मामांनी सिद्धान्तच मांडला. "हे पाहा जवाईबापू, मिहानातल्या आयटी कंपन्यांच्या पोरांले मेट्रो बराबर आहे. त्यांले रस्त्यात कोणी ओळखतच नाही, तं थांबतील कोणापाशी? सावनेरच्या माणसाले एस्टी बराबर, सारं गावच तिच्यात बसून राहते. पण आपण काहून चढावं? आपल्याले पोचायचं थोडीच असते!" मी वाद घालत नसे. त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी कित्येक लग्नांना पंगती उठल्यावर पोचलो आहे.

गेल्या उन्हाळ्यात मामांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, मामींनी किल्ली काढून घेतली आणि मामा घरात बसले. टीव्हीसमोर बसत, पण तो लावत नसत. "मी काही बिमार नाही," एकदा म्हणाले, "पण माह्यासंगं कोणी बोलूनच नाही राहिलं." मला फार वाईट वाटलं. स्कूटरबरोबर त्यांचं सारं गणगोतच गेलं होतं.

म्हणून एका रविवारी मी त्यांना बर्डीच्या बाजारात न्यायला मेट्रोत बसवलं. गाडी सेंट्रल एव्हेन्यूवरच्या पुलावरून निघाली आणि मामा खिडकीला चिकटले. खाली पानठेल्यापाशी त्यांचे ऑफिसातले जुने मित्र उभे होते. "अबे थांबव गा, थांबव!" मामा ओरडले, सगळा डबा हसला. पुढच्या स्टेशनावर त्यांनी मला ओढतच उतरवलं. आम्ही ऑटो करून मागे गेलो, तोवर मित्र घरी गेलेले. मग पानठेलेवाल्याच्या पोरीचं जमलं का, याची चौकशी झाली. पुन्हा मेट्रोत चढलो, तर पुढच्या चौकात मामांना आणखी कोणी दिसलं. त्या दिवशी आम्ही बर्डी पाहिलीच नाही.

आता मामा रोज सकाळी एकटेच मेट्रोनं जातात. मध्ये उतरत नाहीत, तेवढे जिने गुडघ्यांना झेपत नाहीत. काचेशी उभे राहून खालच्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला तो थरथरता हात दाखवतात. "वर पाहतच नाही गा कोणी," परवा म्हणाले, आणि समोरची पोह्यांची बशी तशीच सरकवून दिली.

माझं दुकान मेट्रोच्या त्याच पुलाखालच्या रस्त्यावर आहे. हल्ली मी त्यांच्या वेळेला गिऱ्हाईक सोडून बाहेर येतो आणि वर बघत उभा राहतो. मामा कोणत्या डब्यात आहेत हे खालून कळत नाही, म्हणून गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी सगळ्याच डब्यांना हात करत राहतो.