गप बसलेला भोंगा

लोणीचा गोकुळ दोन हजार तीन साली एका खाजगी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या, कामाला लागला. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रममधल्या तरंगत्या गोळ्याची तार त्यानंच जोडलेली. ड्रममध्ये पाणी पुरेसं असलं की तारेतून करंट वाहायचा. पाणी उतरलं की करंट तुटायचा आणि भोंगा बोंबलायचा. तार तुटली तरी बोंबलायचाच. गोकुळला त्याचा भारी तोरा.

पण कारखान्यात उंदीर लई. दर दोन-तीन दिवसांनी तार कुरतडायचे, भोंगा उगाच कोकलायचा, आणि गोकुळ शिव्या घालत शिडी चढायचा.

हंगामाची पहिली आग पेटवायच्या, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या सकाळी मॅनेजर रखमाजीरावांनी त्याला गाठलं.

"गोकुळ, नारळ फुटताना तुझं ते भूत वरडलं तर अपशकुन व्हईल. चेअरमन आपल्या दोघांचीच पूजा घालतील."

"मग उलटं जोडावं लागंल, साहेब. पाणी उतरल्यावर करंट येईल, अन् करंट आला तरच वाजंल. पण तार तुटली तर कळायचं न्हाई."

"दुपारपत्तुरच रं. परसाद खाल्ला की सुलटं कर."

गोकुळनं तार गोळ्याच्या दुसऱ्या टोकाला लावली, कॉम्प्युटरवरही भोंग्याची खूण उलटी केली. नारळ फुटला, चिमणीतून धूर निघाला, भोंगा गप. दुपारी तो परत गेला, तर रखमाजीराव शिऱ्याचा द्रोण पुढं करत म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. चालू बॉयलरला हात नको. कसं शांत वाटतंय बघ."

गोकुळनं शिरा खाल्ला.

बॉयलरवर बहिरू होता, आहुप्याकडचा डोंगरातला गडी. ड्रममधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच वाफेनं आंधळी झाली, तसा त्यानं गोकुळला हटकलं. "भाऊ, काय दिसंना."

"भोंगा गप हाय न्हवं? मग पाणी हाय."

दहाव्या दिवशी चहा पिताना गोकुळच्या ध्यानात आलं. एवढे दिवस भोंगा एकदाही वाजला नव्हता. मग उंदीर गेले कुठं?

कप तसाच टाकून तो पळत सुटला, शिडी चढला. तार कुरतडलेली, टोकं काळी पडलेली. आजची नव्हती ती. ड्रमवर उष्णता अडवायला थापलेल्या लेपाला करपट वास येत होता. त्यानं दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली.

भोंगा बोंबलला.

भोंगा वाजला की पाणी सोडायचं, हे शिकवल्याप्रमाणे खाली बहिरू पाण्याच्या व्हॉल्व्हकडं धावला. कोरड्या पडून लालबुंद तापलेल्या ड्रममध्ये गार पाणी गेलं, तर ड्रम फुटतो.

"पाणी सोडू नगं! आग इझव, बहिरू!" गोकुळ ओरडला. भोंग्यापुढं त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. शेवटी त्यानं आपल्याच हातानं तारेची टोकं ओढून वेगळी केली. भोंगा गप झाला.

"पाणी नगं रं!"

बहिरूनं वर पाहिलं. त्याचे दोन्ही हात चाकावर होते. चाक फिरलं होतं का नव्हतं, ते वरून दिसत नव्हतं.