कार्बनचा काळा गोळा

"बॅग रिकामी कर," सर म्हणाले. माझ्याकडे बघून. फक्त माझ्याकडे.

बुरहाणपूरच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या दिवशी लॅबमध्ये प्लास्टिकचे गोळे आणि काड्या जोडून रेणूंचे आकार ताडून बघायचे होते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. दोन्हींत अणू तीनच, पण एक सरळ, दुसरा वाकडा. का, ते लिहायचं. तास संपताना सरांनी गोळ्यांचा डबा मोजला. कार्बनचा एक काळा गोळा कमी.

मी बॅग टेबलावर उलटी केली. जेवणाचा डबा, ओढणी, पॅड. हो, पॅडसुद्धा. सगळा वर्ग बघत होता. सर पेनाने एकेक वस्तू बाजूला सारत होते. हात लावत नव्हते.

मग पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, वो तो आपके मॉडल में लगा है."

आम्हाला दाखवायला सरांनी स्वतः जोडलेला रेणू त्यांच्याच टेबलावर होता. मधोमध काळा गोळा. वर्ग हसला. सरही हसले. माफीचं नाव नाही. माझे कान जळत होते.

माझीच बॅग का? पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. दापोरा म्हटलं, तर "दापोऱ्यात कुठल्या बाजूला?" तेही मी भोळेपणाने सांगितलं. पाण्याचा रेणू वाकतो तो ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांमुळे. मॉडेलमध्ये त्यांना गोळा नसतो. दिसत नाहीत, पण ढकलतात त्याच. हे मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी.

आई दुसऱ्यांच्या मळ्यात केळीचे घड वाहते. ती म्हणाली, "बाई, सरच्या तोंडी लागू नको. मार्क त्याच्याच हातात हायेत." खरं होतं. इंटरनलला नापास केलं तर वर्ष गेलं. मैत्रीण म्हणाली, "जाने दे ना, गलती हो गई उनसे." मला तिचाही संशय आला. तिलाही आधी माझीच बॅग आठवली असती का?

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी दारातच अडवलं. "तू ती बॅग बाहेर ठेव."

"सगळ्यांच्या ठेवा, सर. मग माझीही ठेवते."

"इंटरनल आठवतं ना?" सर हळूच म्हणाले.

"आठवतं. आधी डबा मोजा. सगळ्यांसमोर. तुमच्या टेबलावरचं मॉडेलपण."

सरांनी डबा मोजला.

मार्क काय द्यायचे ते द्या. वर्ष गेलं तर पुन्हा बसेन. पण न मोजलेल्या डब्याला मी हात लावणार नाही. आणि मोजणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर विसंबणार नाही. तो मोजेल तेव्हा मी समोर उभी राहीन.